मालपासच्या नाक्यावर अडलेली बस

हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक हे एकाच बेटावरचे दोन देश. त्यांच्या सीमेवर मालपास नावाचा नाका आहे. शुक्रवारी, 29 जानेवारी 2010 रोजी तिथे हैतीच्या पोलिसांनी एक बस अडवली. बसमध्ये 33 मुलं होती. सगळ्यांत धाकटं दोन महिन्यांचं, थोरलं बारा वर्षांचं. कपड्यांवर गुलाबी चिकटपट्टी लावून तिच्यावर नावं लिहिलेली. बरोबर दहा अमेरिकन स्त्री-पुरुष होते, बहुतेक आयडाहो राज्यातल्या दोन बाप्टिस्ट चर्चचे सभासद. मुलं कुणाची, कुठे निघाली, कुणाच्या परवानगीनं, हे सांगणारा हैती सरकारचा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता.

मुलांना हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स हिच्याजवळच्या एसओएस बालग्रामात नेण्यात आलं. (पुण्यात येरवड्याला बालग्राम आहे, तीच ही आंतरराष्ट्रीय संस्था.) तिथे एक लहान मुलगी रडत सांगत होती, की मी अनाथ नाही, मला आईवडील आहेत. आपण कुठल्याशा शिबिराला किंवा बोर्डिंगला निघालोय, अशी तिची समजूत होती.

अमेरिकन चर्चमध्ये ‘शॉर्ट टर्म मिशन’ हा आता नेहमीचा उपक्रम आहे. दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं आठवडा-दोन आठवड्यांसाठी परदेशी जातात. रविवारच्या उपासनेत घोषणा होते, वर्गणी जमते, एकसारखे टी-शर्ट छापले जातात. तिकडे जाऊन शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांबरोबर गाणी म्हणायची, दवाखान्यात हाताखाली काम करायचं आणि परत आल्यावर मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सभासदांसमोर, साक्ष द्यायची, आपला अनुभव सांगायचा. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांनीही अशा तुकड्या पाहिल्या आहेत, त्यामुळे चित्र ओळखीचं आहे. बहुतेक तुकड्या कुणाचं फारसं बरं-वाईट न करता घरी जातात. हैतीतली तुकडी वेगळी ठरली, पण तिची घडण मात्र अगदी नेहमीच्या तुकडीसारखीच होती. म्हणून हे प्रकरण मला ‘काही वाईट माणसांची गोष्ट’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

योजना भूकंपाच्या आधीची आहे, हे पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवं. गटाची प्रमुख लॉरा सिल्सबी ही आयडाहोतली व्यावसायिक. नोव्हेंबर 2009 मध्ये तिनं ‘न्यू लाइफ चिल्ड्रन्स रेफ्यूज’ नावाची संस्था नोंदवली. डोमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्यावर मागान्ते इथे हैतीतल्या मुलांसाठी अनाथाश्रम, शाळा आणि चर्च उभारायचं होतं. त्याच आराखड्यात दत्तक घ्यायला येणाऱ्या दांपत्यांसाठी समुद्रकाठचे बंगले आणि एक कॅफेही होता. डिसेंबरात ती एका सहकारी बाईबरोबर हैतीला जाऊन आली. ही सहल पुढे कोर्टात महत्त्वाची ठरली.

मग 12 जानेवारीला संध्याकाळी पाच वाजायच्या सुमारास 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी कोसळली. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, संसद, न्यायालयाची इमारत, संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय, सगळं जमीनदोस्त. मृतांच्या आकड्यावर वाद आहे, पण कमीत कमी अंदाजही चाळीस हजारांच्या वर आहे. आडवाटेला पडलेली योजना एकदम तातडीची झाली. इमारत बांधून होईपर्यंत थांबायची गरज उरली नाही. काबारेते या पर्यटनाच्या गावात 45 खोल्यांचं हॉटेल भाड्यानं घ्यायचं ठरलं. चर्चमधून माणसं गोळा झाली. त्यांत बापलेक होते, मायलेकी होत्या; सर्वांत लहान मुलगी 18 वर्षांची होती. कॅन्सस आणि टेक्ससमधूनही काही जण आले.

मोहिमेचं टिपण तेव्हा उघडपणे वाचायला उपलब्ध होतं. त्यात लिहिलं होतं, की 22 तारखेला विमानानं निघायचं, 23 तारखेला डोमिनिकन राजधानी सान्तो दोमिंगोहून बस घेऊन पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये शिरायचं, रस्त्यांवरून आणि पडलेल्या अनाथाश्रमांतून 100 अनाथ मुलं गोळा करायची आणि परत फिरायचं. मुलांना ‘प्रेमळ ख्रिस्ती कुटुंबात’ दत्तक जाण्याची संधी मिळेल, असंही त्यात होतं.

हे टिपण मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘100 अनाथ गोळा करायची’ हे वाक्य लिहिणाऱ्याला एखादं मूल अनाथ आहे हे कसं कळतं, असा प्रश्न पडलेला दिसत नाही. भूकंपानंतर अकराव्या दिवशी रस्त्यात एकटं बसलेलं मूल अनाथ असेल, किंवा त्याची आई दोन गल्ल्या पलीकडे ढिगाऱ्यात त्याला शोधत असेल. दोन्हीही शक्य आहे. हे ठरवायला आठवडे लागतात, शेजारपाजारच्यांकडे विचारपूस लागते, तिथली क्रिओल भाषा यावी लागते. आपत्तीत काम करणाऱ्या संस्था म्हणूनच आधी मुलांची नोंद करतात, नातेवाईक शोधतात आणि मूल शक्यतो त्याच मुलखात ठेवतात. आठ दिवसांच्या सहलीत या कामाला जागाच नसते.

पडक्या अनाथाश्रमांतून मुलं मिळाली नाहीत. मग गट कालेबासला पोचला. हे राजधानीच्या वरच्या अंगाला डोंगरातलं गरीब गाव. तिथे एका स्थानिक तरुण दुभाष्यानं फुटबॉलच्या मातीच्या मैदानावर गावकऱ्यांना जमवलं आणि सांगितलं, की ही अमेरिकन माणसं तुमची मुलं शिकवायला नेतील. हातात पत्रकं देण्यात आली. त्यांवर हॉटेलचा पोहण्याचा तलाव आणि खेळायचं मैदान. मुलांना भेटायला जाता येईल, असंही सांगितलं गेलं. राजधानीतल्या सित्रों या उद्ध्वस्त वस्तीतूनही काही मुलं आली. तिथे मूळच्या हैतीच्या पण अमेरिकेत राहणाऱ्या एका पाद्र्याची मध्यस्थी होती. पालकांनी स्वतःच्या हातानं मुलं बसमध्ये बसवली.

‘पळवून नेणं’ हा शब्द इथे लगेच बसत नाही, हे मान्य करायला हवं. हैतीत गरीब घरातली मुलं परक्याच्या घरी पाठवण्याची जुनी चाल आहे. त्यांना ‘रेस्तावेक’ म्हणतात, म्हणजे ‘कुणाकडे राहणारा’. शिक्षण मिळेल या आशेनं मूल शहरातल्या घरी पाठवायचं आणि तिथे त्यानं पाणी भरायचं, भांडी घासायची. अनाथाश्रम ही त्याच्या वरची पायरी: निदान शाळा आणि दोन वेळचं जेवण तरी असतं. 2010 नंतरच्या अंदाजांनुसार हैतीच्या अनाथाश्रमांतल्या दहापैकी आठ मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. तिथे अनाथाश्रम म्हणजे बहुतांशी गरिबांचं वसतिगृह. अहमदनगर, जालन्याकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत ‘पोराला मिशनच्या बोर्डिंगात घातलं’ असं म्हणतात, तेव्हा कुणी मूल देऊन टाकलं असं समजत नाही. सुट्टीत ते घरी येणार, हे गृहीत असतं. कालेबासच्या आईबापांनी अशाच अर्थानं मुलं दिली होती.

आणि घेणाऱ्यांनी? त्यांच्या टिपणात दत्तक हा शब्द होता. मैदानावर तो शब्द उच्चारला गेला नाही. अटकेनंतर सिल्सबीनं मुलं दत्तक द्यायची नव्हती असं सांगितलं, पण लिहिलेलं टिपण तेव्हा सगळ्यांसमोर होतं. एकाच बसकडे गावकरी शाळेची बस म्हणून पाहत होते आणि बसमधली पुढची रांग सुटकेची बस म्हणून. दोघांच्या मधे एक दुभाष्या होता, आणि त्यानं काय अनुवाद करून सांगितलं हे तपासणारं कुणी नव्हतं.

आपल्या बाल न्याय कायद्यात आईबापांना मूल सोपवायचं असेल, तर बालकल्याण समितीपुढे यावं लागतं आणि त्यानंतर निर्णय फिरवायला दोन महिने मिळतात. ही मुदत मला पूर्वी निव्वळ सरकारी दिरंगाई वाटायची. कालेबासच्या मैदानाबद्दल वाचल्यावर ती कशासाठी असते हे कळलं. तिथे पालकांना विचाराला फारच थोडा वेळ मिळाला, तेही घर पडलेलं, पोटात अन्न नाही आणि धक्के अजून चालू अशा अवस्थेत.

गटाला कुणी अडवलंच नाही असंही नाही. 26 जानेवारीला पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये एका पोलिसानं त्यांची मुलांनी भरलेली बस थांबवून मुलं उतरवायला लावली होती. असं नेणं बेकायदा आहे, असं त्यानं सांगितलं. पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या डोमिनिकन वकिलातीनं निघण्याच्या दिवशीच बजावलं, की हैतीचे कागद नसतील तर सीमेवर तुम्हाला मानवी तस्करीखाली धरतील. या काळात हैतीतून एकही मूल पंतप्रधान ज्याँ-मॅक्स बेलरीव्ह यांच्या सहीशिवाय बाहेर जाऊ शकत नव्हतं. भूकंपाच्या गोंधळात मुलं गायब होण्याची भीती युनिसेफसकट सगळ्यांनी बोलून दाखवली होती, म्हणून सरकारनं हा निर्बंध घातला होता. सिल्सबीचं नंतरचं म्हणणं असं, की डोमिनिकन बाजूनं परवानगी मिळणार होती आणि आपण मुलांना वाचवत होतो.

ती थांबली का नाही, याचं माझं उत्तर तिच्या स्वभावात नाही. ‘देवानं दार उघडलं आहे’ ही भाषा मिशनच्या तुकड्यांत रोजची. तिची अडचण अशी, की दार बंद झालं तर तीही परीक्षा ठरते, आणि मग नकार देणारा पोलीस हा मोहिमेच्या वाटेतला अडथळा होतो. त्याच्या बोलण्यात काही माहिती असू शकते हे कानावरच पडत नाही. शिवाय परतीचं तिकीट काढलेलं असतं, हॉटेलचं भाडं सुरू झालेलं असतं, घरी मंडळी प्रार्थना करत असते. रिकामी बस घेऊन परत जायचं कसं?

बाकीच्या नऊ जणांचं काय? कोठडीतून त्यांच्यापैकी काहींनी अमेरिकन वृत्तवाहिनीच्या माणसाच्या हाती एक चिठ्ठी दिली. आम्ही नुसते स्वयंसेवक म्हणून आलो, कागदपत्रांशी आमचा संबंध नव्हता, आमच्याशी खोटं बोलण्यात आलं, असा तिचा आशय. त्यांच्या हैतीतल्या वकिलानंही तेच सांगितलं, की प्रमुख बाईला कागद लागतात हे ठाऊक होतं, बाकीचे भाबडे होते. मी ही चिठ्ठी खरी मानतो. पण ती सुटकेसाठी जितकी उपयोगी, तितकीच त्यांच्याविरुद्धही जाते. 33 मुलांना देशाबाहेर घेऊन जाणाऱ्या दहा प्रौढांपैकी नऊ जणांना कागदांचा प्रश्न आपला आहे असं वाटलंच नाही. त्यांनी तो प्रमुखावर सोडला होता. पालकांनी तो दुभाष्यावर आणि पाद्र्यावर सोडला होता. आयडाहोतल्या मंडळीनं तो तुकडीवर सोडला होता. विचारणं हे काम त्या साखळीत कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

कोर्टाची बाजू थोडक्यात. न्यायालयाची इमारत पडली होती, म्हणून सुनावण्या न्यायिक पोलिसांच्या इमारतीत झाल्या. 4 फेब्रुवारीला दहाही जणांवर अपहरण आणि गुन्हेगारी टोळी बनवणं हे आरोप ठेवले गेले. तपास न्यायाधीश बर्नार्ड सँ-व्हिल यांच्याकडे होता. पालक त्यांच्यासमोर येऊन म्हणाले, की मुलं आम्ही राजीखुशीनं दिली. 17 फेब्रुवारीला आठ जणांना जामिनाशिवाय सोडण्यात आलं. सिल्सबी आणि डिसेंबरात तिच्याबरोबर आलेली सहकारी मात्र अडकून राहिल्या, कारण भूकंपाआधी त्या हैतीत काय करत होत्या हे न्यायाधीशांना तपासायचं होतं. सहकारी 8 मार्चला सुटली. सिल्सबीवरचा अपहरणाचा आरोप पुढे गळाला आणि 17 मे रोजी ती एका वेगळ्याच कलमाखाली दोषी ठरली. ज्याँ-क्लोद दुव्हालिए याच्या हुकूमशाहीत, 1980 मध्ये केलेल्या कायद्यानुसार ‘अनियमित प्रवास घडवून आणणं’ हा गुन्हा होता. भोगलेली कोठडी हीच शिक्षा धरली गेली आणि त्याच दिवशी ती सुटली.

इथे एक उपकथानक आहे, आणि ते कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं ओढूनताणून आणलंय म्हणून कापलं असतं. अटकेनंतर सान्तो दोमिंगोमधून एक गृहस्थ पुढे आला आणि कैद्यांचा वकील म्हणून वाहिन्यांवर बोलू लागला. कैद्यांच्या घरच्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला. त्याचा चेहरा टीव्हीवर पाहून एल साल्व्हादोरच्या पोलिसांना तो ओळखीचा वाटला. बायका आणि अल्पवयीन मुलींच्या तस्करीच्या प्रकरणात त्यांना तो हवा होता. तो वकीलही नव्हता. मार्चमध्ये त्याला डोमिनिकन रिपब्लिकमध्ये अटक झाली. ज्यांच्यावर मुलं पळवल्याचा आळ होता त्यांचा बचाव खराखुरा तस्कर करत होता, आणि त्याचीही कुणी चौकशी केली नव्हती. तो मदतीला आला होता, एवढं पुरेसं ठरलं.

त्याच महिन्यातली दुसरी एक उड्डाणकथाही सांगायला हवी. 19 जानेवारीला पेन्सिल्व्हेनियाचे गव्हर्नर एड रेंडेल स्वतः सामील झालेल्या मोहिमेत हैतीतल्या एका अनाथाश्रमातली पन्नासहून जास्त मुलं विमानानं पिट्सबर्गला नेण्यात आली. त्यांतल्या सगळ्यांची दत्तकाची प्रक्रिया पूर्ण झालेली नव्हती. त्या विमानाचं कौतुक झालं. अमेरिकन सरकारनं तेव्हा दत्तकाच्या वाटेवर असलेल्या हैतीतल्या मुलांना खास परवान्यावर प्रवेश खुला केला होता, आणि काही महिन्यांत हजारावर मुलं अशी गेली. सिल्सबीची बस आणि गव्हर्नरांचं विमान एकाच तराजूत घालता येणार नाही. ती मुलं आधीपासून आश्रमात होती आणि बऱ्याच जणांचे दत्तक पालक ठरलेले होते. पण आयडाहोतल्या माणसांनी टीव्हीवर हेच पाहिलं असणार, आणि घाई करणाऱ्याचं नाव होतं हा धडा त्यांनी घेतला असेल तर नवल नाही.

हैतीच्या सरकारलाही या खटल्यात काही कमवायचं होतं, हे सरळ दिसतं. स्वतःच्या राजधानीत विमानतळही अमेरिकन लष्कराच्या ताब्यात गेलेला, मदतीचे ट्रक परक्यांच्या मर्जीवर फिरणारे. अशा वेळी ‘आमच्या मुलांना न्यायला आमची परवानगी लागते’ हे ठणकावण्याची ही एकच संधी होती. त्याआधी 2007 मध्ये आफ्रिकेतल्या चाड या देशात ‘आर्श द झोए’ या फ्रेंच संस्थेच्या लोकांना 103 मुलं विमानानं फ्रान्सला नेताना पकडलं होतं. शेजारच्या सुदानमधल्या दारफुरच्या युद्धातली अनाथ मुलं म्हणून ती नेली जात होती. बहुतेक निघाली चाडचीच, आईबाप असलेली. तिथे सक्तमजुरीच्या आठ वर्षांच्या शिक्षा झाल्या आणि मग राष्ट्राध्यक्षांची माफीही. ती मिशनची माणसं नव्हती, धर्माचा काही संबंध नव्हता. म्हणून बाप्टिस्टांच्या श्रद्धेवर सगळं खापर फोडणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

कागद असते तर प्रश्न सुटला असता, असंही मी म्हणणार नाही. पंतप्रधानांची सही मिळाली असती, तर तीच मुलं त्याच हॉटेलात गेली असती आणि मालपासच्या नाक्यावर पोलिसांनी हात हलवून निरोप दिला असता. हैतीनं दत्तकाचा कायदा 2013 मध्ये बदलला आणि 1 एप्रिल 2014 पासून परदेशी दत्तकाचे नियम घालणारा आंतरराष्ट्रीय हेग करार तिथे लागू झाला. त्यामुळे परदेशात मूल नेणं अवघड झालं. अनाथाश्रम मात्र तसेच राहिले, आणि त्यांच्यावर पोसलेल्या मिशन सहलीही: आठवडाभर मुलांना उचलून घ्यायचं, फोटो काढायचे, वर्गणी पाठवायची. वर्गणी आश्रमातल्या मुलांच्या संख्येवर येत असेल, तर आश्रमाला मुलं लागतात.

कालेबासमध्ये एका घरामागे शाळेची फी आणि महिन्याचं धान्य एवढ्यानं काम भागलं असतं, असा हिशेब तेव्हा कुणी मांडल्याचं आढळत नाही. 45 खोल्यांच्या हॉटेलापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडलं असतं. पण त्याला बस लागली नसती, आणि बसमध्ये बसायला दहा माणसंही.

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांनी फेब्रुवारीत कालेबास आणि सित्रोंमध्ये घरोघरी जाऊन शोध घेतला. 33 मुलांपैकी एकही अनाथ नव्हतं. 

मार्चच्या मध्यावर 32 मुलं आपापल्या घरच्यांकडे परत गेली. बरीचशी घरं म्हणजे ताडपत्रीचे तंबू होते. काही पालकांचं म्हणणं अटकेनंतरही बदललेलं नव्हतं: इथे खायला नाही, तिकडे शाळा होती.